चढते पाणी, उतरते पाणी : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे बोटीच्या प्रवासाविषयी आहेत आणि चारही पूर्व विदर्भातून आली आहेत. नदी, मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोडी म्हणजे लहान तळी यांच्या काठी वाढलेल्या माणसांना समुद्राकाठच्या खाड्या आणि कालवे स्वतःच्या बोटीतून पाहावेसे वाटतात, याचा मला विशेष आनंद आहे. मी स्वतः ब्रह्मपुरी तालुक्यातला असून माझ्या नोकरीची सारी वर्षे जहाजांवर गेली, त्यामुळे या पत्रांना उत्तरे देताना दोन्हीकडचे पाणी माझ्या डोळ्यांसमोर आहे.

प्रश्न : आम्ही पवनी तालुक्यातील वैनगंगेकाठचे पाच शेतकरी आहोत. डोंगा चालवणे, पूर ओळखणे, जाळी टाकणे हे लहानपणापासून येते. माझ्या मावसभावाचा मुलगा रत्नागिरी जिल्ह्यात नोकरीला असून त्याने जुनी फायबरची मोटरबोट घेतली आहे. धानाची मळणी आटोपल्यावर, जानेवारीत, त्याच्यासोबत दाभोळची आणि जयगडची खाडी आठवडाभर हिंडायची आहे. नदीवर जे शिकलो ते तिथे पुरेल का?

उत्तर : आपण जानेवारी निवडला हे उत्तम केले. जून ते सप्टेंबर या काळात कोकण किनारा लहान बोटींसाठी नाही. जून आणि जुलैमध्ये तर यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते आणि नारळी पौर्णिमेनंतरच समुद्र हळूहळू निवळू लागतो. जानेवारीत आकाश स्वच्छ असते आणि खाडीच्या आत पाणी शांत असते. मात्र आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की वल्हे, सुकाणू, पाण्याचा रंग पाहून खोली ताडणे हे सगळे नदीवरचे ज्ञान उपयोगी पडेल, पण त्या ज्ञानाखाली एक गृहीत दडलेले आहे आणि ते खाडीत खोटे ठरते. वैनगंगेचे पाणी एकाच दिशेने वाहते आणि त्याची पातळी चढायला किंवा उतरायला दिवस लागतात. खाडीचे पाणी दर सहा तासांनी दिशा बदलते, आणि सकाळी जिथे आपण बोट तरंगती ठेवून उतरलात तिथे दुपारी चिखल असू शकतो. म्हणून खाडीतल्या प्रवासाचा पहिला प्रश्न ‘कुठे जायचे’ हा नसून ‘पाणी केव्हा चढणार’ हा असतो, आणि दिवसाचा सारा बेत त्या उत्तरावरून आखायचा असतो.

दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातील माणसे यासाठी पंचांग वापरतात. त्यांचा हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता; शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांना हीच रीत लागू पडते. यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो आणि खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते, म्हणून प्रत्यक्ष प्रवासासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाने छापलेली भरती-ओहोटीची कोष्टके जवळ असावीत. तरीही तिथीचा हिशेब तोंडपाठ ठेवावा असा माझा आग्रह आहे, कारण मोबाइलची बॅटरी संपली तरी तिथी संपत नाही, आणि आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना ती विचारावी लागत नाही.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो. त्याला भांगाची भरती म्हणतात. आपण पहिल्यांदाच जात आहात, तर आपला आठवडा भांगाच्या दिवसांत बसवावा. प्रवाह सौम्य असतो आणि चूक झाली तर सुधारायला वाव मिळतो.

पाणी सहा तास एकाच गतीने चढत नाही, हेही नदीवरच्या माणसाला नवीन वाटेल. एकूण चढाचे बारा भाग कल्पावेत. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासांत प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक भाग पाणी चढते. म्हणजे अर्धे पाणी मधल्या दोनच तासांत येते, आणि प्रवाह सर्वांत जोराचा असतो तो त्याच वेळी. ओहोटीलाही हाच क्रम असतो. धक्क्याला बोट लावणे, अरुंद जागी वळणे, नांगर उचलणे ही कामे भरतीच्या किंवा ओहोटीच्या टोकाला, पाणी थबकलेले असताना करावीत.

दाभोळच्या खाडीत वाशिष्ठी चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत भरतीच्या पाण्याने भरते. द्वादशीचा दिवस धरला तर भरती नऊच्या सुमाराला पूर्ण होईल. आपण सकाळी सहाला दाभोळहून निघालात तर चढते पाणी आपल्याला पाठीमागून ढकलत नेईल, इंधन वाचेल, आणि वरच्या अंगाला पाणी थबकेपर्यंत आपण बराच पल्ला गाठलेला असेल. तिथे थोडे थांबून उतरत्या पाण्याबरोबर परत यावे. वाशिष्ठीच्या काठावर चिखलात मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. त्या दुरूनच पाहाव्यात आणि पाण्यात हातपाय सोडू नयेत. परत येताना मात्र खाडीच्या मुखापाशी जाण्याचा मोह आवरावा. कोकणात सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना खारा वारा त्याच्या तोंडावर येतो, तेव्हा मुखाजवळच्या उथळ वाळूवर उंच, आखूड आणि एकामागोमाग एक लाटा उभ्या राहतात, आणि लहान बोटीला दुसरी लाट पहिलीतून सावरू देत नाही. त्यामुळे दाभोळहून जयगडला समुद्रातून जायचे असेल तर पहाटे, मतलई वाऱ्यात, आणि दोन्ही खाड्यांची मुखे ओळखणारा तिथलाच एक तांडेल (नावेचा प्रमुख) सोबत घेऊन जावे. पहिल्या वर्षी हा टप्पा बोट ट्रेलरवर टाकून रस्त्याने पार केला तरी प्रवासाची गोडी मुळीच कमी होणार नाही. उलट मी तसेच सुचवीन.

उथळ जागा पार करायची ती नेहमी चढत्या पाण्यावर. या एका नियमासाठी मी जितके शब्द खर्च करीन तितके थोडेच आहेत. काही वर्षांपूर्वी जयगडच्या खाडीत एका स्नेह्याच्या बोटीवर मी होतो. भरती दुपारी बाराला पूर्ण झाली होती आणि दोन वाजता, उतरत्या पाण्यात, आम्ही एका वाळूच्या दांड्यावर टेकलो. चढते पाणी असते तर दहा मिनिटांत सुटलो असतो. इथे मात्र पाणी आमच्याखालून निघून गेले, बोट एका कुशीवर कलली, आणि रात्री साडेदहाच्या सुमाराला पाणी पुन्हा त्याच पातळीला आले तेव्हाच ती हलली. साडेआठ तास उन्हात आणि मग अंधारात आम्ही बसून होतो. पिण्याचे पाणी पुरेसे होते म्हणून निभावले. हेच टेकणे उधाणाच्या भरतीच्या अगदी टोकाला घडले असते, तर तितक्याच उंचीचे पाणी येण्यासाठी कदाचित पंधरवडा थांबावे लागले असते.

बोट बांधण्याची रीतही बदलावी लागेल. आपण काठावरच्या खुंट्याला डोंगा ताठ बांधतो आणि सकाळी तो तसाच असतो. धक्क्याला भरतीच्या वेळी ताठ बांधलेली बोट ओहोटीला दोरावर लटकते, आणि मग दोर तुटतो किंवा खुंटी उपटते. दोर लांब सोडावा, शक्य असेल तर तरंगत्या जेटीला किंवा दुसऱ्या मोठ्या बोटीला बांधावे, म्हणजे दोन्ही बरोबरच चढतात आणि उतरतात. नांगर टाकताना आताची खोली नव्हे तर भरतीची खोली मोजावी. ओहोटीला २ मीटर पाणी आहे, ते आणखी २ मीटर चढणार आहे आणि बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यापासून १ मीटर उंच आहे, तर हिशेब ५ मीटरांचा झाला. साखळी असेल तर त्याच्या पाचपट, म्हणजे २५ मीटर, आणि नुसता दोर असेल तर सातपट, म्हणजे ३५ मीटर सोडावा. प्रवाह उलटला की बोट नांगराभोवती फिरून दुसऱ्या बाजूला जाते, त्यामुळे तेवढी मोकळी जागा चहूबाजूंनी आहे का ते आधी पाहावे.

पेट्रोलचे इंजिन बोटीच्या आत बसवलेले असेल तर सुरू करण्यापूर्वी आतील झाकण उघडून हवा खेळू द्यावी, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेट घेते. दिवसाच्या शेवटी इंजिन गोड्या पाण्याने धुवावे. बोटीची नोंदणी, तपासणी आणि चालवणाऱ्याचे प्रमाणपत्र या गोष्टी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या कार्यालयात निघण्यापूर्वीच पूर्ण कराव्यात. आतल्या पाण्यातील यांत्रिक बोटींसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आला आहे. समुद्रावर अडचण आली तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे, आणि बोटीवर व्हीएचएफ रेडिओ संच असेल तर संकटासाठी १६ क्रमांकाची वाहिनी जगभर ठरलेली आहे. आपला मार्ग आणि परतण्याची वेळ किनाऱ्यावरच्या एका जबाबदार माणसाला रोज सांगून निघावे.

प्रश्न : आम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यातील धान उत्पादक आहोत. केरळातील कालव्यांतून खासगी बोट घेऊन तीन-चार दिवस हिंडायचे आहे. कालव्यात दार लावून बोट वर-खाली करतात असे ऐकले. ते कसे चालते, आणि आम्ही स्वतः बोट चालवू शकतो का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आलप्पुळाच्या बाजूला भाड्याने मिळणाऱ्या घरबोटी त्यांच्या चालक आणि स्वयंपाक्यासह मिळतात. तिथल्या परवानाधारक चालकाला स्रांक म्हणतात, आपल्याकडचा ‘सारंग’ तो हाच. त्याच्याच हाती सुकाणू असू द्यावे. या घरबोटी म्हणजे जुन्या केट्टुवळ्ळमांचे बदललेले रूप. एकेकाळी त्या भात वाहून नेत आणि त्यांच्या फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोराने शिवलेल्या असत. सूर्यास्ताच्या सुमाराला त्या काठाला लागतात, कारण रात्री तेच पाणी मासेमारांच्या जाळ्यांचे असते. घरबोटीआधी एक दिवस राज्य जलवाहतूक विभागाच्या साध्या प्रवासी बोटीने आलप्पुळाहून कोट्टायमला जावे, असे मी सुचवतो. भाडे अगदी थोडे असते, सोबत शाळेची मुले आणि बाजारहाट करणारी माणसे असतात, आणि कालवा तिथल्या लोकांसाठी रस्ता कसा आहे हे त्या अडीच तासांत समजते.

दाराची गोष्ट आपल्याला पटकन कळेल, कारण आपण मामा तलावाचे तुडुम, म्हणजे पाणी सोडण्याची जागा, पाहिलेले आहे. दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या पाण्यामध्ये एक लांबट हौद बांधतात आणि त्याच्या दोन्ही टोकांना दारे असतात. यालाच लॉक म्हणतात. बोट खालच्या पाण्यातून हौदात येते, मागचे दार बंद होते, वरच्या पाण्याकडील लहान झडप उघडतात, आणि हौद भरत जातो तशी बोट वर येते. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की वरचे दार उघडते. पंप लागत नाही. पाणी आपल्याच वजनाने काम करते. उतरताना क्रम उलटा. हौदात असताना दोर हातात धरावा आणि पाण्याबरोबर सोडत किंवा ओढत राहावे, कुठेही गाठ मारू नये. भरताना पाणी उसळते तेव्हा बोट भिंतीवर आपटू नये म्हणून बाजूंना टायर टांगावेत. आलप्पुळा आणि कोल्लम यांच्यामध्ये तृक्कुन्नपुळा येथे असे लॉक आहे. हा सगळा मार्ग कोट्टप्पुरम ते कोल्लम या राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ३ चा भाग असून तो १९९३ मध्ये जाहीर झाला. बाजूचे दोन कालवे धरून तेव्हा त्याची लांबी २०५ किलोमीटर होती. लॉक त्या दिवशी खुले आहे का, हे निघण्याआधी धक्क्यावर विचारून घ्यावे.

धान उत्पादक म्हणून आपण कुट्टनाड मुद्दाम पाहावा. तिथे शेते समुद्रसपाटीपेक्षा खाली आहेत आणि कालव्याचे पाणी शेताच्या वरच्या पातळीवर असते, म्हणजे बोटीत बसून आपण भातपिकाकडे खाली पाहतो. बांध मातीचे असतात आणि आतले पाणी पंपाने उपसून काढतात. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या शेतीपद्धतीला जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. उन्हाळ्याकडे वेंबनाड सरोवरात समुद्राचे खारे पाणी शिरून भात करपू नये म्हणून तण्णीरमुक्कम येथे १९७० च्या दशकात आडवा बांध घातला आणि कोरड्या महिन्यांत त्याची दारे बंद ठेवतात. मासेमारांना दारे उघडी हवी असतात, कारण मासे आणि कोळंबी खाऱ्या-गोड्या पाण्याच्या ये-जावर वाढतात. शेतकऱ्यांना ती बंद हवी असतात. एकाच पाण्यावर दोघांचेही पोट आहे, आणि तिथे गेल्यावर दोघांशीही बोलावे.

म्हणूनच चालकाला वेग वाढवायला कधीही सांगू नये. बोटीमागे उठणारी लाट मातीच्या बांधावर आदळते आणि रोज शेकडो बोटींच्या अशा लाटांनी बांध खचतो. आपल्या शेताचा धुरा फुटला तर काय होते हे आपल्याला सांगायला नको. तिथे तर धुऱ्यापलीकडे सबंध कालवा उभा असतो. जलपर्णीही टाळून न्यायला सांगावे, ती पंख्यात अडकली की इंजिन बंद करून हाताने काढावी लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे परतीच्या पावसाची वादळे दुपारी येतात, त्यामुळे डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ योग्य.

प्रश्न : मला पोहता येत नाही. कुटुंबातील सर्वांनी खाडीतील बोटसफर ठरवली आहे. मी जावे का? (एक भगिनी, देसाईगंज)

उत्तर : अवश्य जावे, दोन अटींवर. पहिली, लाइफ जॅकेट बोटीत पाय ठेवण्यापूर्वी अंगावर चढवावे आणि सगळे पट्टे आवळावेत. बाकाखाली ठेवलेले जॅकेट बोट उलटताना हाती लागत नाही. मुलांना त्यांच्या मापाचेच द्यावे आणि खांद्यांना धरून उचलून ते अंगातून निसटत नाही ना ते पाहावे. दुसरी, बोटीवर माणसे जास्त झाली असे दिसले तर पैसे दिलेले असले तरी उतरून यावे. ७ मे २०२३ रोजी केरळात तानूर येथे सहलीची बोट उलटून २२ जण गेले. ती मासेमारीची बोट बदलून केलेली होती, माणसे क्षमतेपेक्षा जास्त होती आणि वेळ संध्याकाळची होती. आपल्याच जिल्ह्यात, जानेवारी २०२४ मध्ये, चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बाया वैनगंगेत डोंगा उलटून बुडाल्या. ती बातमी वाचल्यापासून, पोहता येणाऱ्या माणसानेही जॅकेट घातले पाहिजे हे मी प्रत्येक पत्राला लिहितो. मळमळ होण्याची भीती असेल तर बोटीच्या मध्यावर, उघड्या हवेत बसून दूरच्या किनाऱ्याकडे पाहावे, आणि निघताना पोट पूर्ण रिकामे ठेवू नये.

प्रश्न : आमच्या सिरोंच्याहून पूर्वी बोटी समुद्राकाठच्या कालव्यांपर्यंत जात, असे आजोबा सांगत. यात तथ्य आहे का? आज तसे जाता येईल का?

उत्तर : आपल्या आजोबांच्या बोलण्यामागे खरा इतिहास आहे. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि गोदावरी आंध्रातील त्रिभुज प्रदेशात पोहोचते. तिथे सर आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरमचा बंधारा झाला आणि त्यातून निघालेले कालवे शेतीबरोबरच बोटींसाठीही आखले गेले. त्यांवर लॉक बांधले आणि एक वाट काकिनाडा बंदरापर्यंत गेली. पुढे वऱ्हाड आणि हिंगणघाटकडील कापूस प्राणहिता-गोदावरीवाटे याच कालव्यांत आणि तिथून समुद्रावर न्यावा अशी योजना निघाली. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. ते टाळण्यासाठी बंधारे, बाजूचे कालवे आणि लॉक यांची कामे १८६० च्या दशकात सुरू झाली; भद्राचलमच्या वर दुम्मगुडेम येथील बंधारा त्यांपैकीच. पण नदीत पुरेसे पाणी वर्षातून काहीच महिने असे, खर्च वाढत गेला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि १८७१ मध्ये काम थांबवण्यात आले. नावा आणि तराफे पावसाळ्यानंतर नदीने ये-जा करीत राहिले, पण सिरोंच्याहून समुद्रापर्यंत सलग बोटीची वाट कधी पूर्ण झाली नाही.

आज ती वाट सलग जाता येणार नाही. संगमाच्या खाली मेडीगड्डा येथे बराज, म्हणजे दारे असलेला बंधारा, आहे, त्याखाली दुम्मगुडेम आणि पोलावरम. तरीही तुकड्यातुकड्याने हे पाणी पाहता येते. राजमहेंद्रीहून पापीकोंडलू डोंगरांमधून जाणाऱ्या प्रवासी बोटी आहेत. त्या पूर ओसरल्यावरच घ्याव्यात. तिथून खाली धवळेश्वरमला बंधारा आणि कालव्यांची मुखे पाहावीत. पुढे काकिनाड्याच्या बाजूला कोरिंगाच्या खारफुटीत वनविभागाच्या बोटी फिरतात, आणि तिथे आपल्या गावावरून गेलेले पाणी भरतीबरोबर मागे फिरताना दिसते. जाल तेव्हा आजोबांच्या आठवणीतल्या बोटींची नावे, धक्क्यांच्या जागा आणि कोणत्या महिन्यात त्या निघत, हे लिहून काढून या सदराकडे जरूर पाठवावे.